"दिसलासच नाय रे": कोकणातल्या रस्त्यावर बाइक लांबून दिसावी म्हणून काय करायचं

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये हातखंबा तिठ्यावर एका टेम्पोनं मला उडवलं. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, पाऊस बारीक पण सतत. मी रत्नागिरीहून पालीला घरी निघालो होतो. हेडलाइट चालू होता, वेग चाळीसच्या आत, मी माझ्या डाव्या बाजूला. टेम्पो तिठ्यावर थांबलेला मी पाहिला, चालकानं माझ्या दिशेनं मान वळवलेलीही पाहिली, आणि तरीही टेम्पो पुढे आला. हासळीचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात होता. त्या चालकानंच मला उचलून रिक्षात घातलं आणि वाटभर एकच म्हणत राहिला, "दिसलासच नाय रे बाबा. बघितलं मी, पण दिसलासच नाय."

तेव्हा राग आला होता. नंतर अंथरुणात पडल्या पडल्या पटत गेलं की तो खरं बोलत होता. बरा झाल्यावर वर्षभर मी गाडीवर एकेक गोष्ट करून पाहिली. काही पैसे वाया गेले, एकदा वायरिंगही जळता जळता राहिलं. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमानं लिहितो आहे. घाई असेल तर पायरी १, २ आणि ७ तरी वाचाच.

आधी एवढं समजून घ्या

आपल्याला रस्ता दिसणं आणि आपण दुसऱ्याला दिसणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक जण पहिल्यासाठी दिवे घेतात आणि दुसरंही आपोआप होईल असं धरून चालतात. तसं होत नाही.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नसतं. त्याचा उपयोग आहेच. पण एकटा दिवा समोरच्याला फक्त "काहीतरी येतंय" एवढंच सांगतो. किती लांब आहे आणि किती वेगानं येतंय, हे त्यावरून कळत नाही. चारचाकीचे दोन दिवे जवळ येताना एकमेकांपासून लांब जाताना दिसतात, आणि डोळा त्या वाढत्या फटीवरून अंतर ओळखतो. एका ठिपक्याला फटच नसते. त्यात बाइक सरळ आपल्याकडे येत असली की मागच्या झाडांच्या, दुकानांच्या पार्श्वभूमीवर ती जागची हलतच नाही. हललं नाही ते नजरेतून निसटतं. शिवाय लहान वस्तू लांब आहे असं माणसाला वाटतं, म्हणून "अजून वेळ आहे" असं समजून समोरचा गाडी काढतो.

म्हणून वर एक हेडलाइट आणि खाली, दोन बाजूंना, एकमेकांपासून शक्य तितके लांब दोन छोटे दिवे असा त्रिकोण करायचा. जवळ येताना हा त्रिकोण मोठा होत जातो आणि समोरच्याला वेगाचा अंदाज येतो. हे दिवे प्रखर असायची गरज नाही. मी पहिल्यांदा नेमकी तीच चूक केली होती.

कागद आणि सामान

कागदपत्रांत आरसी, विम्याची पॉलिसी, पीयूसी, लायसन्स, गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीचं पुस्तक, आणि दिव्यांचं पक्कं बिल. बिल टाकून देऊ नका, पायरी ४ मध्ये त्याचं काम पडतं.

हत्यारांत पाने आणि स्क्रूड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, वायर सोलायचा कटर, थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबायची पक्कड, श्रिंक स्लीव्ह आणि ती आवळायला लायटर, केबल टाय, खडू, मोजपट्टी. सामान म्हणजे रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, त्याच्या टोकांवर नंबर असतात), फ्यूज होल्डर, ५ अँपिअरचे दोन-तीन फ्यूज, पाणी न शिरणारा स्विच आणि १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. व्हॅसलीनची छोटी डबी विसरू नका. खाऱ्या हवेत ती नंतर वर्षभर कामाला येते.

पायरी १: आहे ते आधी नीट करा

नवीन दिवे घेण्याआधी एका संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा. आपल्याकडे पावसाळ्यात जांभ्याचा लाल चिखल हेडलाइटवर आणि त्याहून जास्त टेललाइटवर बसतो. वाळल्यावर त्याची पातळ तांबूस साय होते. ती जवळून दिसत नाही, पण उजेड बराच खाते. ओल्या फडक्यानं पुसा. कोरड्या फडक्यानं घासलंत तर त्यातल्या वाळूनं काच कायमची चरते.

आता पाठ भिंतीकडे करून गाडी उभी करा आणि ब्रेक दाबा. भिंतीवरचा लाल उजेड ठळक वाढला पाहिजे. पुढचा ब्रेक वेगळा तपासा, मागचा वेगळा. जुन्या गाड्यांत टेललाइटच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक ५ वॅटची आणि एक ब्रेकची २१ वॅटची. ब्रेकची तार गेली तरी टेललाइट जळतच राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. माझी तार किती महिने तुटलेली होती, देव जाणे. मागच्या ब्रेकच्या पॅडलजवळ एक छोटा स्विच असतो. त्याची नटबोल्टची जागा अशी लावा की पॅडलला पाय टेकताच, ब्रेक धरायच्या आधीच दिवा लागेल. मागच्याला तेवढाच थोडा वेळ जास्त मिळतो.

हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकायचा मोह होईल. हॅलोजनची वाटी त्या बल्बच्या तारेच्या नेमक्या जागेप्रमाणे बनवलेली असते. एलईडीचे दाणे त्या जागी बसत नाहीत, उजेड कसाही फुटतो, आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. आणखी एक गोष्ट फक्त आपल्याकडच्या पावसात कळते. हॅलोजनच्या उष्णतेनं काचेच्या आतली वाफ सुकते, एलईडीनं ती सुकत नाही. माझ्या शेजाऱ्याच्या हेडलाइटमध्ये श्रावणभर दव साचलेलं असायचं.

पायरी २: रेडियम

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी काम हेच. याला करंट लागत नाही, फ्यूज लागत नाही. पण एक फसगत आहे. रेडियमच्या दुकानात मिळणारं चमकदार स्टिकर दरवेळी खरं परावर्तन करणारं असतंच असं नाही. नुसतं भडक रंगाचं प्लास्टिक रात्री काळंच दिसतं. दुकानातच तपासा. पट्टी दहा-बारा पावलांवर धरायला सांगा, मोबाइलचा टॉर्च आपल्या डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि बघा. खरी पट्टी पेटल्यासारखी उजळते, कारण ती उजेड आला त्याच दिशेनं परत पाठवते. टॉर्च डोळ्यापासून हातभर लांब नेला की ती मंद होते. हीच तिची ओळख.

रंग असे ठेवा: मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा. मोठ्या वाहनांवरही हाच क्रम असतो, त्यामुळे बघणाऱ्याला गाडी कोणत्या तोंडानं उभी आहे ते कळतं.

बाजूची पट्टी लोक विसरतात. वाडीतून येणाऱ्या वाटेनं आपण हायवेवर आडवे येतो तेव्हा ना आपला हेडलाइट त्या गाडीला दिसतो, ना टेललाइट. फक्त बाजू दिसते, तीही काळी. दोन्ही चाकांच्या रिमवर पट्टी लावा. चाक फिरताना ते वर्तुळ लगेच ओळखू येतं. साडीगार्डवर आणि फोर्कच्या बाजूलाही एकेक तुकडा. चिकटवण्याआधी जागा साबणानं धुऊन पूर्ण सुकवा. मिरगाच्या आधी, मे महिन्यातच लावा. ओलसर हवेत लावलेली पट्टी कडेनं सुटते.

आणि अंगावरचं बघा. आपल्याकडे रेनकोट म्हटला की काळा नाहीतर गडद निळा. त्यावर पट्ट्यांचं जॅकेट घाला, रेनकोटच्या आत नाही. हेल्मेटच्या मागे एक तुकडा लावा. मध्ये कार असली तरी तिच्या टपावरून मागच्या ट्रकवाल्याला तो दिसतो.

पायरी ३: मागची बाजू

इथे दिव्यांपेक्षा आपल्या सवयी आड येतात. कॅरिअरला बांधलेली तांदळाची गोण, आंब्याची पेटी, मागे बसलेल्याच्या रेनकोटचा लोंबता काठ, हे सगळं टेललाइट झाकतं. सामान बांधून झालं की दहा पावलं मागे जाऊन बघा.

घाट उतरताना आपण गिअर खाली टाकून इंजिनावर गाडी रोखतो. बरोबरच आहे. पण गाडी हळू होते आणि ब्रेकलाइट लागत नाही. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत मागे भरलेला ट्रक असेल तर त्याला आपण अचानक जवळ आल्यासारखे वाटतो. गिअर टाकताना पॅडलवर हलका पाय ठेवून दोनदा दिवा दाखवा.

जास्तीचा ब्रेकलाइट लावायचा तर लाल आणि स्थिर लावा. सतत लुकलुकणारी पट्टी घेऊ नका. लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतर कळत नाही, आणि खरा ब्रेक कधी लागला तेही कळत नाही. तसंच, पावसात चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी हाकणारे बरेच दिसतात. कृपा करून तसं करू नका. मग तुम्ही वळणार आहात हे कोणाला कसं कळावं?

पायरी ४: विकत घेण्याआधी कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मन मानेल तसे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पुढे लाल दिवा दाखवता येत नाही. लाल-निळ्या लुकलुकणाऱ्या दिव्यांना तर हातही लावू नका.

माझा सल्ला सरळ आहे. तुमच्या गाडीच्या कंपनीचेच अधिकृत फॉगलाइट, म्हणजे त्रिकोणातले खालचे दोन दिवे, मिळत असतील तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्या आणि बिलावर गाडीचा नंबर घालून घ्या. ते मिळत नसतील तर बाहेरचे घेण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन तोंडी विचारा. एमएच-०६ असेल तर पेण, एमएच-०८ असेल तर रत्नागिरी, एमएच-०७ असेल तर सिंधुदुर्ग. रस्त्यावर पोलीस सहसा डोळ्यात जाणारा दिवा बघून थांबवतात. दिवे खाली झुकलेले, रंग पांढरा किंवा फिकट पिवळा आणि स्विच बंद करता येणारा असेल तर बोलणं सोपं जातं. तरी कायद्यातून सुटका होते असं समजू नका.

विमा कंपनीला जास्तीचं इलेक्ट्रिक सामान लेखी कळवा. न कळवता लावलेल्या सामानाची भरपाई मिळत नाही, आणि वायरिंगमुळे आग लागली तर दाव्यालाही अडचण येते. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू नका, एवढं तरी पाळाच.

पायरी ५: कोणते दिवे

मी पहिल्यांदा घेतले ते सगळ्यांत प्रखर, लांब झोत टाकणारे. पहिल्याच रात्री समोरून येणारी एसटी साइडपट्टीवर गेली. चालकानं काच खाली करून मला काय सुनावलं ते इथे लिहीत नाही, पण तो चुकत नव्हता. आंधळा झालेला माणूस आपल्याला बघू शकत नाही, उलट आपल्यावरच येतो. ते दिवे मी दुसऱ्याच दिवशी काढले.

झोताचे दोन प्रकार असतात. लांब आणि अरुंद जाणारा, आणि जवळ पण पसरट पडणारा. दिसून येण्यासाठी आणि धुक्यासाठी पसरट घ्या, ज्याच्या उजेडाची वरची कड भिंतीवर रेघेसारखी कापलेली दिसते. गोल भोकातून सगळीकडे सांडणारा उजेड नको. प्रत्येकी १० ते २० वॅटचे एलईडी पुरेसे आहेत.

रंगाबद्दल गैरसमज बराच आहे. पिवळा दिवा धुकं कापतो असं सगळे सांगतात. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की त्यांच्यापुढे पिवळा काय, पांढरा काय, सारखाच विखुरतो. दिवा खाली असणं आणि त्याची कड कापलेली असणं, खरं काम हे करतं. तरीही मी फिकट पिवळा, ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) घेतला. निळसर पांढऱ्यापेक्षा तो डोळ्याला कमी टोचतो आणि दिवसा कारच्या पांढऱ्या दिव्यांच्या गर्दीत वेगळा दिसतो. मी संध्याकाळी रत्नागिरीहून पूर्वेकडे घरी येतो, म्हणजे सूर्य माझ्या पाठीशी आणि समोरच्याच्या डोळ्यात. त्या अर्ध्या तासात बाइक त्या उजेडात विरून जाते. तेव्हा भर उजेडातही मी पिवळे दिवे लावतो.

खोक्यावर आयपी६७ लिहिलेलं बघा. म्हणजे धूळ शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. मात्र सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाचा फवारा यात धरलेला नाही. गाडी धुणाऱ्याला दिव्यांवर जवळून मारू नकोस म्हणून सांगा.

पायरी ६: करंटचा हिशोब आणि वायरिंग

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, १२ नं भागले की साधारण ३.३ अँपिअर. त्याला ५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज सारखा उडतो म्हणून १५ चा टाकणारे असतात. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

गाडीला हे ओझं झेपतं का, ते आधी तपासा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. थोडं थ्रॉटल दिल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. दिवे बसवल्यावर हेडलाइट, फॉगलाइट, ब्रेक, इंडिकेटर सगळं एकदम लावून पुन्हा बघा. संथ इंजिनावर आकडा १३ च्या खाली जाऊन उतरतच राहिला तर बॅटरी रोज रिकामी होणार. मग कमी वॅटचे घ्या. फार जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोवर (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर) जळतो आणि संथ इंजिनावर मंद होतो. त्या वायरला एलईडी जोडला तर तो थरथरतो.

जोडणीचा क्रम असा:

बॅटरीची ऋण बाजू आधी सोडवा. काम संपल्यावर तीच शेवटी लावा.

बॅटरीच्या धन टोकापासून निघालेल्या वायरवर वीतभर अंतराच्या आत फ्यूज घ्या. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला संरक्षण नसतं, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. फ्यूजपासून वायर रिलेच्या ३० नंबरला जाते. ८७ मधून दोन्ही दिव्यांची धन वायर. दिव्यांची ऋण वायर बॅटरीच्या ऋण टोकाला थेट आणा, गंजक्या चॅसीच्या बोल्टवर भरवसा ठेवू नका. ८५ ऋणाला. ८६ ला चावी लावल्यावरच करंट येणारी वायर, उदाहरणार्थ टेललाइटची, आणि याच वायरवर हँडलचा स्विच. स्विचमधून मग फारसा करंट जात नाही आणि तो टिकतो. चावी काढली की दिवेही बंद, विसरायचा प्रश्न नाही.

आता माझी चूक. पहिल्यांदा मी हे काम एका वायरमनकडे दिलं. त्यानं फ्यूज आणि रिले काही न घालता हेडलाइटची वायर सोलून त्याच्यावर पीळ मारून काळी टेप गुंडाळली. "दादा, काय होत नाय, शंभर गाड्या केल्यात." ऑगस्टमध्ये टेपचा गोंद सुटला, आत पाणी गेलं आणि पाली बाजाराच्या अलीकडे टाकीखालून धूर आला. म्हणून सांगतो: प्रत्येक जोड थिंबल दाबून किंवा डाग देऊन, वर श्रिंक स्लीव्ह. मूळ वायरला जोडायला कपलरचा (एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाचा) टी-जोड घ्या. वायरला पातं रुतवून जोडणाऱ्या क्लिपा कोकणात चालत नाहीत. त्या चिरेतून खारी हवा जाते आणि तांबं हिरवं पडतं. काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर सुरुवातीलाच सांगा, "मूळ वायर कापायची नाही, रिले-फ्यूज दाखवून लावायचा," आणि स्वतः उभं राहून बघा.

केबल टाय आवळण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. वायर ताणली जात असेल तर थोडी सैल ठेवा. सायलेन्सरपासून लांब ठेवा.

दिवे लेगगार्डवर, खालच्या अंगाला आणि शक्य तितके रुंद बसवा. एकमेकांना चिकटवून बसवले तर लांब असलेल्या कारचे दिवे वाटतात आणि समोरचा निवांत वळतो. इंडिकेटरच्या शेजारीही नको, इंडिकेटर त्या उजेडात बुडतो. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला स्टेनलेस बोल्ट लावताना मध्ये ग्रीस घाला. खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम खात जातं, आणि वर्षानं बोल्ट निघत नाही.

पायरी ७: दिवे झुकवणं

यावर बाकी सगळं अवलंबून आहे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. दुकानदार बसवतो, आपण निघतो, आणि दिवे महिनोन्महिने लोकांच्या डोळ्यात जळत राहतात.

सपाट जागा शोधा. आपल्याकडे तीच अवघड. मी आमच्या शाळेचं मैदान आणि तिची भिंत वापरली, तुम्हाला पेट्रोल पंपाची फरशी चालेल. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या. गाडी साइडस्टँडवर ठेवू नका, ती तिरकी होते. स्वतः बसा आणि गाडी सरळ धरा. रोज मागे कोणी बसत असेल तर त्यालाही बसवा, कारण मागे वजन आलं की पुढचा भाग उचलतो आणि झोत वर जातो.

दिव्यापासून भिंत ५ मीटरवर घ्या. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूनं रेघ मारा. तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ. एका दिव्यावर फडकं टाका आणि दुसऱ्याच्या उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर आणा. मग उलट करा.

१० सेंटिमीटरच का, तर हिशोब बघा. ५ मीटरला १० सेंटिमीटर उतरणारा झोत, दिवा ६० सेंटिमीटर उंच असेल तर, ३० मीटरवर जमिनीला टेकतो. ५ सेंटिमीटरच झुकवला तर ६० मीटरवर. अजिबात झुकवला नाही तर कधीच टेकत नाही, चढ आला की थेट समोरच्याच्या काचेत. ३० मीटर कमी वाटतील. पन्नासच्या वेगानं आपण ते दोन सेकंदांत पार करतो. पण लांबचा रस्ता दाखवायला हेडलाइट आहे. हे दोन दिवे दिसून येण्यासाठी, आणि जवळचे खड्डे, रस्त्यात बसलेली गुरं, साइडपट्टीची कड यांच्यासाठी आहेत.

डावा दिवा किंचित डावीकडे वळवला तर साइडपट्टी छान दिसते. उजवा सरळच ठेवा, उजवीकडे अजिबात नको.

मग बोल्ट घट्ट करा, खड्ड्यांच्या रस्त्यावर दहा किलोमीटर फिरून या आणि पुन्हा भिंतीसमोर बघा. माझा उजवा दिवा पहिल्या फेरीतच चार बोटं वर सरकला होता.

पायरी ८: कधी लावायचे, कधी विझवायचे

स्विच डाव्या अंगठ्याजवळ असावा, कारण तो सारखा लागतो. दिवसा, संध्याकाळी, पावसात: चालू. स्वच्छ रात्री समोरून गाडी आली की हेडलाइट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, घ्या आणि घाटातल्या चढावर फॉगही विझवा. चढावर झुकवलेला झोतही वळणावर उचलला जातो. गणपतीच्या आधीच्या रात्री मुंबईहून निघालेला चाकरमानी पहाटे कशेडी ओलांडून येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत झोप असते. अशा माणसावर झोत टाकू नका.

आंबोलीत किंवा आंबा घाटात धुकं दाटलं की अप्पर लावायचा नाही. तो धुक्यावर आपटून समोर पांढरी भिंत उभी करतो. डिपर आणि खालचे पिवळे, आणि रस्त्याची डावी पांढरी रेघ धरून हळू.

पायरी ९: पावसाळ्याआधी आणि नंतर

मेच्या शेवटी सगळे कपलर उघडून व्हॅसलीनचा पातळ हात द्या, फ्यूज काढून त्याच्या पात्या पुसा. पावसाळ्यात दर आठवड्याला काचा आणि रेडियम ओल्या फडक्यानं पुसा. रेडियमवर चिखल असेल तर ते नसल्यासारखंच. ऑक्टोबरमध्ये बोल्ट तपासा आणि भिंतीसमोर पुन्हा एकदा झोत लावून घ्या. गाडी पडवीत उभी असेल तर सीट उचलून बघत जा, भातकापणीनंतर उंदीर वायरिंगमध्ये घर करतात.

शेवटी एक काम घरातल्या माणसाकडून करून घ्या. मी धाकट्या भावाला संध्याकाळी साइडपट्टीच्या आत, कारमध्ये बसवून ठेवलं आणि शंभर मीटरवरून तीनदा त्याच्याकडे गाडी नेली: एकदा नुसता हेडलाइट, एकदा सगळे दिवे, एकदा मागे गोण बांधून. मग त्याच्यापुढून वाडीच्या वाटेनं आडवा गेलो, आणि कार पुढे घ्यायला सांगून त्याच्या पाठीमागून आरशात दिसतो का ते विचारलं. त्याला डोळे बारीक करावे लागले की नाही, मी निघाल्यापासून कितव्या विजेच्या खांबाजवळ आलो तेव्हा त्याला बाइक म्हणून ओळखू आलो, एवढंच त्यानं सांगायचं होतं. नुसत्या हेडलाइटला तो म्हणाला, "तिसऱ्या खांबाला कळलं." सगळ्या दिव्यांना पहिल्याच खांबाला. आडवा गेलो तेव्हा मात्र पुढच्या चाकाची पट्टी दिसली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी बदलली.